पावसाळ्यात ओएलईडीवर वाढणारे काळे ठिपके: संख्या धुळीची, आकार ओलाव्याचा

लक्षण ओळखीचं आहे. प्रयोगशाळेत बनवलेलं ओएलईडी डिव्हाइस, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून उजेड देणारा दिवा, निर्वात चेंबरमधून काढून पहिल्यांदा लावलं की पिक्सेलभर सपाट हिरवा उजेड दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याच पिक्सेलवर टाचणीच्या टोकाएवढे गोल काळे ठिपके उठतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते एकमेकांना भिडतात आणि निम्मा पिक्सेल गेलेला असतो. याच कृतीने फेब्रुवारीत केलेली डिव्हाइसं आठवडाभर बरी दिसत होती, असं वहीत लिहिलेलं असतं. मग संशय सेंद्रिय थर ज्यातून चढवतात त्या पावडरीवर जातो. नवी बाटली मागवतात. ती येईपर्यंत गणपती येतात, पाऊस ओसरतो, ठिपके कमी होतात आणि श्रेय नव्या बाटलीला मिळतं. पुढच्या मृगात पुन्हा तेच. चोर सोडून संन्याशाला सुळी!

खालचं सगळं या रचनेसाठी लिहिलं आहे: काचेवर आयटीओ (पारदर्शक, वीज वाहणारा थर), त्यावर स्पिन कोटिंगने, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावण पसरवत, पीडॉट-पीएसएस (वीज वाहणारं पॉलिमर) ३० ते ४० नॅनोमीटर, मग निर्वातात बाष्पीभवनाने एनपीबी (धन प्रभार वाहणारा थर) ४०, एएलक्यू-३ (हिरवा उजेड देणारा थर) ६०, लिथियम फ्लोराइड ०.८ आणि ॲल्युमिनियम (कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन आत सोडणारा इलेक्ट्रोड) १०० नॅनोमीटर. कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये एएलक्यू-३ चं दोन थरांचं डिव्हाइस मांडलं, त्याचाच हा वंश. त्यांचा कॅथोड मात्र मॅग्नेशियम-चांदीचा होता. उजेड देणारा थर पॉलिमरचा असला तरी ठिपक्यांचं निदान बदलत नाही.

ठिपका होतो कसा

समजा आयटीओवर एक मायक्रॉनचा धुळीचा कण राहिला. त्यावर सगळे थर मिळून सव्वादोनशे नॅनोमीटरच्या आसपास बसतात, म्हणजे कणाच्या उंचीच्या पाव भागाहून कमी. ॲल्युमिनियम वरून सरळ रेषेत येतं, त्यामुळे कणाच्या सावलीत त्याच्याभोवती बारीक फट उरते. फटीतून पाण्याची वाफ आत शिरते आणि ॲल्युमिनियम व सेंद्रिय थर यांच्या सांध्यावरून चहूबाजूंनी सारखी पसरते. म्हणूनच ठिपका गोल. तिथे धातूचं ऑक्साइड होतं, पाण्यापासून थोडा हायड्रोजन सुटतो, त्याच्या फुग्याने पत्रा उचलला जातो आणि इलेक्ट्रॉन आत जाणं थांबतं. खालचा एएलक्यू-३ बहुतेक वेळा धडधाकट असतो, त्याला फक्त वीज मिळत नाही.

यातून निघणारी गोष्ट एकच, पण पुढचं सगळं निदान तिच्यावर उभं आहे. ठिपके किती, हे डिव्हाइस बनवताना राहिलेल्या कणांनी आणि छिद्रांनी त्याच दिवशी ठरवलेलं असतं. ते किती वाढतील, हे नंतर आत शिरणारा ओलावा ठरवतो. दोन आजार, दोन उपचार. धुळीचा त्रास असताना डिव्हाइसवर चिकटवलेल्या काचेच्या झाकणाचा गोंद बदलत बसणं, किंवा गोंद गळत असताना काचा आणखी घासत बसणं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी तीन दिवस फक्त बघा

एकाच फेरीतली दोन डिव्हाइसं घ्या. एक रोज चालवा, दुसरं त्याच खोलीत अंधारात पडू द्या. दुसरं फक्त फोटोपुरतं १० सेकंद लावायचं. २ × २ मिलिमीटरच्या पिक्सेलचं क्षेत्रफळ ०.०४ चौरस सेंटिमीटर, म्हणून १० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरसाठी ०.४ मिलिअँपिअर पुरे. व्होल्टेज नव्हे, करंट स्थिर ठेवा. फोटो ०, १, ४, २४, ४८ आणि ७२ तासांनी घ्या. मोबाइलला मॅक्रो भिंग लावून मॅन्युअल मोडमध्ये एक्स्पोजर कायम ठेवलं तरी काम भागतं, ५ पट ऑब्जेक्टिव्हचा मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड लावून ठिपक्यांची संख्या आणि काळं क्षेत्रफळ वेगवेगळे नोंदवा. नुसती टक्केवारी लिहिली की दोन्ही आजार एकमेकांत मिसळतात.

दोन्ही डिव्हाइसांवर ठिपके सारखेच वाढले, तर करंटचा दोष नाही, ओलावाच आहे. चालवलेलं डिव्हाइस सगळीकडून सारखं मंद झालं पण ठिपके वाढले नाहीत, तर ती पदार्थाची स्वतःची झीज, या लेखाचा विषयच नाही. २४ तासांना मोजलेली संख्या ७२ तासांनाही जवळपास तीच आणि आकार मात्र वाढलेला, हे नेहमीचं चित्र. पहिल्याच तासात ४ चौरस मिलिमीटरमध्ये डझनावर ठिपके दिसले तर धुळीकडे वळा. तीन-चारच ठिपके आहेत पण दिवसाला आकाराने दुप्पट होतायत, तर ओलाव्याकडे.

जागाही बघा. मधे विखुरलेले ठिपके कणांचे. पिक्सेलच्या कडेने आत सरकणारी काळी पट्टी म्हणजे कॅथोडच्या उघड्या काठातून शिरणारं पाणी. झाकणाच्या एकाच बाजूच्या पिक्सेलांवर जास्त, तर त्या बाजूचा गोंद. रांगेत किंवा धूमकेतूसारखी शेपटी घेऊन आलेले, तर स्पिन कोटिंगच्या द्रावणात गठ्ठे होते.

शेवटी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, डोळ्यांना चष्मा लावून, काचेच्या बाजूने दोन-तीन सेकंद मारा. विजेवर काळा दिसणारा ठिपका यूव्हीखाली हिरवा चमकला, तर पदार्थ ठीक आहे आणि कॅथोडचा सांधा सुटला आहे. यूव्हीखालीही काळाच राहिला तरच पदार्थाचा संशय घ्या. पावडरीची नवी बाटली मागवण्याआधी ही पाच मिनिटांची चाचणी करायचीच.

इथली हवा आकड्यांत

जुलैत कोल्हापुरात २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही साधी गोष्ट. या तापमानाला संपृक्त बाष्पदाब ३१.७ मिलिबार, त्याचे ८५ टक्के म्हणजे २७ मिलिबार. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे एकूण हवेचा दाब ९४५ मिलिबारच्या आसपास. म्हणजे हवेत पाणी सुमारे २८,५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). डिव्हाइसला हवं असतं १ पीपीएमच्या आत.

मार्चच्या दुपारी ३५ अंश आणि २० टक्के धरले तरी ११ ते १२ हजार पीपीएम भरतात. पाणी अडीचपटच वाढलं, मग डिव्हाइस इतकी का बिघडतात? कारण काचेवर, चेंबरच्या भिंतीवर आणि पीडॉटमध्ये किती पाणी बसतं ते पीपीएमवर नाही, सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं, आणि ती चौपटीहून जास्त झालेली असते. दुसरं कारण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं ते. मार्चमध्ये तो ९ अंशांच्या आसपास असतो, जुलैत २२ च्या वर. चेंबर थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी १५ अंशांवर ठेवायची सवय उन्हाळ्यात निभावते. जुलैत त्याच पाण्याने चेंबरच्या भिंतीला आतून-बाहेरून घाम फुटतो.

खोलीला नुसता एसी पुरत नाही. कॉम्प्रेसर बंद झाला की कॉइलवरचं पाणी पंख्याने परत खोलीत येतं. १० × १२ फूट, १० फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. ८५ टक्क्यांवरून ४५ वर यायला ३०० मिलिलिटरच्या आसपास पाणी काढावं लागतं. दारं-खिडक्यांतून तासाला एकदा हवा बदलत असेल तर तेवढंच दर तासाला, म्हणजे दिवसाला सातेक लिटर. डिह्युमिडिफायरवर लिहिलेली क्षमता बहुधा ३० अंश, ८० टक्क्यांवर मोजलेली असते आणि खोली कोरडी होईल तशी ती घटते. म्हणून १० लिटरचं यंत्र घेऊन भागणार नाही, २० लिटरचं घ्या आणि त्याची नळी थेट मोरीत सोडा. बादली भरली की यंत्र बंद पडतं आणि ते सोमवारी सकाळी कळतं.

संख्या कमी करायची तर

काच कापताना उडणारे तुकडे हा सर्वांत दुर्लक्षित स्रोत. डायमंड कटरने आयटीओच्या उलट बाजूने ओरखडा काढा, आणि कापणं सगळं धुण्याआधी उरका. धुतलेली काच नंतर कापली की मेहनत पाण्यात. झिंक पावडर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने आयटीओ कोरत असाल तर काठावर झिंकचे कण आणि टेपचा चिकटा राहतो. आधी सौम्य आम्लात, मग भरपूर पाण्यात, मग ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या स्वॅबने काठ पुसा.

पुढचा क्रम: २ टक्के डिटर्जंट, डीआय (आयनमुक्त) पाणी दोनदा, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये. काचा टेफ्लॉनच्या स्टँडमध्ये उभ्या ठेवा, बीकरच्या तळाशी आडव्या टाकल्या तर एकमेकींवर घासतात. अल्कोहोलमधून काढलेली काच हवेत वाळू देऊ नका, सुकल्यावर जे उरतं तेच पुढचे ठिपके. नायट्रोजनच्या झोताने अल्कोहोल एका कोपऱ्याकडे ढकलून उडवा. गनच्या तोंडाशी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर असू द्या. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तीत तेल असतं. त्यानंतर यूव्ही-ओझोन १५ मिनिटं, आणि तिथून थेट स्पिन कोटरवर. ओझोनने चढलेलं आयटीओचं वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) टिकत नाही, जेवून येईपर्यंत थांबलात तर पुन्हा ओझोन करा.

ॲल्युमिनियमची बोट (धातू ज्यात तापवून उडवतात ती टंगस्टनची वाटी) थुंकत असेल तर तीही छिद्रं पाडते. ९९.९९९ टक्क्यांच्या तारेचे तुकडे ॲसिटोन आणि अल्कोहोलमध्ये धुवून घ्या आणि शटर बंद ठेवून आधी पूर्ण वितळवून घ्या. ठिणग्या थांबल्या, दर स्थिर झाला, मगच शटर उघडा. वितळलेलं ॲल्युमिनियम टंगस्टन खातं. बोटीला बारीक चीर दिसली तर ती त्या दिवशीच फेकायची.

पीडॉटचं पाणी

पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं, तसंच पीडॉट-पीएसएसचं. पीएसएस पाणी ओढतं, शिवाय ते आम्लधर्मी आहे. ओलं राहिलं तर आयटीओतून इंडियम सुटून वर सरकतं. बाटली २ ते ८ अंशांवर ठेवायची, गोठू द्यायची नाही. फ्रिजमधून काढल्यावर बाहेरून घाम धरते, म्हणून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. ०.४५ मायक्रॉनच्या पाणी चालणाऱ्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून थेंब थेट काचेवर, ४,००० ते ५,००० फेरे, एक मिनिट.

बेक करण्याआधी, डिव्हाइसवर जिथे झाकणाचा गोंद बसणार तिथला पीडॉट डीआय पाण्यात भिजवलेल्या स्वॅबने पुसून काढा. हे पुष्कळजण करत नाहीत. गोंदाखालून बाहेरपर्यंत पीडॉटचा थर गेला, तर तो ओलाव्यासाठी आत जायचा डांबरी रस्ता होतो, वर कितीही चांगला इपॉक्सी असो. एनपीबी आणि एएलक्यू-३ च्या मास्कलाही हाच नियम: गोंदाच्या पट्ट्याखाली फक्त काच आणि इलेक्ट्रोड.

बेक १५० अंशांवर १५ मिनिटं. पावसाळ्यात हे पुरेसं असतं, पण बेक झाल्यावर काच ओल्या हवेत थंड होऊ दिली तर थर पुन्हा पाणी पितो. चेंबरचा दरवाजा उघडा तयार ठेवा आणि काच ८०-९० अंशांना असतानाच होल्डरवर चढवा. शक्य असेल तर चेंबरमध्येच निर्वातात १०० अंशांवर अर्धा तास पुन्हा तापवा. एनपीबी चढल्यावर मात्र तापवणं बंद, त्याचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे थर मऊ पडायला लागतो ते, ९५ अंशांच्या जवळ आहे.

चेंबर

दाब ५ × १० चा उणे ६ घात मिलिबारच्या आत गेला की सुरू करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तो दाब कशाचा आहे, हे कुणी विचारत नाही. १० चा उणे ६ घात टॉरला (१ टॉर म्हणजे १.३३ मिलिबार), आदळलेला प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं, तर एक रेणूथर बसायला दोन-तीन सेकंद लागतात. उरलेला वायू पावसाळ्यात मुख्यतः पाणी असतो. अशा वेळी ॲल्युमिनियम सेकंदाला ०.०५ नॅनोमीटरने हळूहळू चढवलं तर धातूबरोबर ऑक्साइडही चढतं आणि पत्रा छिद्राळ होतो. पहिले ५ ते १० नॅनोमीटर ०.१ ने, पुढचे ०.३ ते ०.५ ने घ्या. लिथियम फ्लोराइड ०.०१ ते ०.०२ ने. थराची जाडी मोजणाऱ्या क्रिस्टल मॉनिटरमध्ये घनता तपासा: ॲल्युमिनियम २.७०, लिथियम फ्लोराइड २.६४. आदल्या माणसाने ठेवलेली घनता तशीच राहिली तर ०.८ नॅनोमीटरचे सहज दीड होतात.

दाब उतरत नसेल तर गळती की भिंतीवरचं पाणी, हे आधी ठरवा. चेंबर जितका उतरेल तितका उतरवा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि १० मिनिटं दर मिनिटाला दाब लिहून आलेख काढा. रेघ सरळ वर जात राहिली तर गळती: ओ-रिंग, फीडथ्रू, व्हेंट व्हॉल्व्ह या क्रमाने अल्कोहोलचा थेंब सोडून गेजचा काटा हलतो का बघा. रेघ चढून वाकली आणि सपाट होत गेली तर भिंती पाणी सोडतायत. त्याला ओ-रिंग बदलून उपयोग नाही. हीटिंग टेपने चेंबर ६० ते ७० अंशांवर रात्रभर पंपावर ठेवा. द्रव नायट्रोजनचा सापळा असेल तर बाष्पीभवनाच्या अर्धा तास आधी भरा.

पाणी मुळात शिरू नये यासाठी चार सवयी. एक, चेंबर हवेने नाही तर कोरड्या नायट्रोजनने व्हेंट करायचा (भरून निर्वात मोडायचा), तोही बोट ५० अंशांखाली आल्यावर. दोन, दरवाजा उघडण्याआधी १५ मिनिटं चिलर बंद, किंवा पाणी २५ अंशांच्या वर. तीन, दरवाजा किती मिनिटं उघडा होता ते वहीत लिहायचं, दहाच्या आत आणायचं. चार, काम नसतानाही चेंबर निर्वातातच ठेवायचा. आतल्या भिंतीवरचे जुने सेंद्रिय पापुद्रे स्पंजासारखे पाणी धरतात आणि सुटून काचेवरही पडतात. ते जूनच्या आधी खरवडून काढा आणि भिंतीला ॲल्युमिनियम फॉइलचं नवं अस्तर द्या.

रोटरी पंपाचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून अर्धा तास चालवा, निवळलं नाही तर तेल बदला. पावसाळ्याआधी एकदा आणि ऑगस्टच्या मध्याला एकदा बदलणं स्वस्त पडतं.

पावडरीवर संशय असेलच तर एवढं करा: बोटीत भरल्यावर, शटर बंद ठेवून, बाष्पीभवनाच्या तापमानाच्या बऱ्याच खाली अर्धा तास तापत ठेवा. ओली पावडर असेल तर दाब एकदा चढतो आणि मग खाली येतो. खाली आल्यावर पुढे जा.

नायट्रोजन आणि पेटी

ग्लोव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली, नायट्रोजन भरलेली बंद पेटी) असेल तर त्याच्या मीटरवर आंधळा विश्वास नको, सेन्सर म्हातारे होतात. जुनी युक्ती अजून चालते: २५ वॅटच्या साध्या दिव्याच्या काचेला छिद्र पाडून तो आत लावा. पाणी आणि ऑक्सिजन काही पीपीएमच्या आत असतील तर तार कित्येक तास टिकते. पेटवताच पांढरा धूर काढून गेली तर मीटर खोटं बोलतोय. टोल्युइन, क्लोरोफॉर्मची वाफ आतल्या तांब्याच्या उत्प्रेरकाला मारते, म्हणून स्पिन कोटिंग करताना सर्क्युलेशन बंद ठेवा आणि नंतर पेटी धुवून काढा.

ग्लोव्हबॉक्स नसेल तर झाकण लावण्यापुरती ॲक्रिलिकची पेटी करता येते. १०० लिटरची पेटी, मिनिटाला २० लिटर नायट्रोजन, म्हणजे पाच मिनिटांत एक आकारमान. सात आकारमानं, ३५ मिनिटं गेली की हिशेबाने २८,५०० पीपीएमचे २६ उरतात. प्रत्यक्षात ॲक्रिलिक स्वतः पाणी सोडतं, त्यामुळे आकडा बराच वर अडकतो. म्हणून आत २५०-३०० अंशांवर तापवून घेतलेलं मॉलिक्युलर सीव्ह (पाणी धरून ठेवणारे सच्छिद्र दाणे) पसरट ताटात ठेवा. निळी सिलिका जेल इथे अपुरी आहे. ती डबा कोरडा ठेवते, पण काही पीपीएमपर्यंत नेत नाही. ४७ लिटरच्या, १५० बारच्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर वायू मावतो, एका धुण्याला ७०० लिटर, म्हणजे सिलिंडरचा दहावा हिस्सा.

शेवटचे १० बार वापरू नका. दाब उतरला की सिलिंडरच्या भिंतीवरचं पाणी सुटून त्याचं प्रमाण वाढतं. नळी सिलिकॉनची असेल तर आजच बदला, तिच्यातून पाण्याची वाफ आरपार जाते. तांबं किंवा स्टील लावा, अगदी शेवटच्या हातभर लांबीला टेफ्लॉन. आणि ९९.९९९ टक्क्यांचे दोन सिलिंडर जून संपायच्या आत आणून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. तेव्हा बाहेरगावाहून येणारा वायू वाटेतच अडकतो. कारखान्यांना लागणारा साधा नायट्रोजन चेंबर व्हेंट करायला, तोही मॉलिक्युलर सीव्हच्या नळकांड्यातून, चालून जातो. झाकणाच्या पेटीत तो नको.

झाकण

बाजारातल्या ओएलईडी पडद्यांना दिवसाला प्रति चौरस मीटर १० चा उणे ६ घात ग्रॅम एवढाच ओलावा चालतो असं मानतात. प्रयोगशाळेत काचेवर काच लावली की वरून काही शिरत नाही. जे शिरतं ते गोंदाच्या काठातून. म्हणून गोंद लांब आणि पातळ हवा. पट्टा १ ऐवजी २ मिलिमीटर रुंद केला तर पाण्याचा वेग निम्मा होतोच, पण पहिला रेणू आत पोचायला लागणारा वेळ चौपट होतो, कारण तो रुंदीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली तर शिरणारं पाणी निम्मं. गोंदाचा थेंब मोठा सोडून वर काच तरंगत ठेवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. काच दाबून बसवा, पट्टा २ ते ३ मिलिमीटर, मधे हवेचा बुडबुडा दिसला तर ते डिव्हाइस मोजणीतून बाद.

हार्डवेअरच्या दुकानातला पाच मिनिटांत सुकणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरू नका. त्यातलं अमाइन कॅथोडच्या काठाला चावतं आणि ओलावाही अडत नाही. यूव्ही इपॉक्सी घ्या. त्याची सिरिंज फ्रिजमधून काढून दोन तास बंदच ठेवा, नाहीतर दव गोंदात मिसळतं. झाकणाची काच १२० अंशांवर तासभर तापवून सरळ पेटीत न्या. ३६५ नॅनोमीटरचा दिवा मारताना पिक्सेलवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा, सेंद्रिय थराला यूव्ही मानवत नाही. चेंबरमधून पेटीपर्यंतचं अंतर उघड्या हवेत कापावं लागत असेल तर नायट्रोजन भरलेल्या झाकणाच्या डब्यातून न्या.

झाकणात गेटर, म्हणजे आत आलेला ओलावा शोषणारा पदार्थ, हवाच. चिकटणारी तयार फिल्म मिळाली तर छान. नाहीतर कॅल्शियम ऑक्साइड मफल फर्नेसमध्ये ९०० अंशांवर दोन तास भाजून, गरम असतानाच पेटीत न्या. १ ग्रॅम ऑक्साइड ०.३२ ग्रॅम पाणी खातं, म्हणजे १० मिलिग्रॅमला ३.२ मिलिग्रॅम, छोट्या डिव्हाइसला भरपूर. पाणी पिऊन ते फुगतं, म्हणून खोलगट झाकणाच्या मागच्या बाजूला बसवा, कॅथोडला टेकू देऊ नका. गळक्या गोंदाला गेटर काही दिवसांची उसंत देतो, एवढंच.

गोंदाची परीक्षा डिव्हाइस न जाळताही होते. साध्या काचेवर १०० नॅनोमीटर कॅल्शियम चढवा आणि नेहमीसारखं झाकण लावा. पाणी शिरेल तिथे आरशासारखा धातू पारदर्शक होतो. चारही काठांचा रोज एक फोटो. एकाच कोपऱ्यातून पारदर्शक होत आलं तर दाब देताना हात तिथे कमी पडला. चारही बाजूंनी सारखं आलं तर पट्टा अरुंद किंवा जाड आहे. मधेच गोल ठिपके पारदर्शक झाले तर तिथे पुन्हा धूळ.

वीज गेली तर

वाऱ्या-पावसात वीज जाते, आणि नेमकी पंपिंग चालू असताना. रोटरी पंप थांबला की त्याचं तेल निर्वाताकडे ओढलं जातं. सक-बॅक रोखणारा व्हॉल्व्ह नसेल तर तेल चेंबरपर्यंत पोचतं आणि त्याचा थर काचेवर बसतो. डिफ्युजन पंप असेल तर गरम तेलाला हवा लागून ते काळं पडतं. रोटरीच्या तोंडाशी वीज जाताच बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवा. गेज, व्हॉल्व्ह आणि टर्बोचा कंट्रोलर यूपीएसवर घ्या. मोटार नाही घेतली तरी चालेल. वीज परत आली म्हणून लगेच पंप चालू करू नका. आधी व्हॉल्व्ह बंद आहेत का बघा, चेंबरचा दाब लिहा, चिलरचं पाणी फिरतंय याची खात्री करा.

थर अर्धवट असताना वीज गेली आणि दाब १० चा उणे ३ घात मिलिबारच्या वर चढला, तर ती फेरी पूर्ण करू नका. एनपीबीवर बसलेलं तेल-पाणी एएलक्यू-३ खाली गाडलं जाईल आणि पुढे आठवडाभर त्या ठिपक्यांचं कारण शोधत बसाल. काचा काढा, क्लोरोफॉर्ममध्ये धुवा, डिटर्जंटपासून पुन्हा सुरुवात करा. वहीत त्या तारखेपुढे 'वीज' एवढा एक शब्द लिहून ठेवा.